चौधरीबाईंचा पिवळा कागद

चौधरीबाईंना इंग्रजी लग्नपत्रिका द्यायची वसईत लोकांना धास्ती असायची. बाई ती तिथल्या तिथे उघडत, पर्समधून लाल पेन काढत, दोन-तीन ठिकाणी गोल करत आणि यजमानाच्या हातात परत ठेवत. लग्नाला जात नसत. ज्यांना बोलावणं धड लिहिता येत नाही त्यांच्या मांडवात जेवण तरी काय धड असणार, असं त्या एकदा शिक्षकांच्या खोलीत म्हणाल्या. गणिताचे कोरिया सर समोरच बसले होते आणि त्यांच्याच मुलीच्या पत्रिकेवर आदल्या दिवशी तीन गोल झाले होते. सरांनी चहाचा कप उचलला आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

चंद्रकांता चौधरी हे त्यांचं पूर्ण नाव. घर वसईच्या होळी भागातलं, वाडीवाल्यांचं. वडिलांची पानवेल होती, केळी होती, विहिरीच्या कडेनं मोगरा होता. पाच भावंडांत शिकली ती एकटी चंद्रकांता. मुंबईला राहून एम. ए. झाली तीही इंग्रजी घेऊन, आणि १९६० साली एका कॉलेजात शिकवण्याच्या जागेसाठी मुलाखतीला गेली. पाच जण बसले होते. घरी काय करतात, असं विचारल्यावर तिनं इंग्रजीत सांगितलं की आमची भाजीपाल्याची आणि पानांची वाडी आहे. त्यातला भाजीपाल्याचा इंग्रजी शब्द ती जसा पुस्तकात दिसतो तसा, एकेक अक्षर वाजवून म्हणाली. पाचांपैकी एकानं तो शब्द हळूच, तिच्यासारखाच, शेजारच्याला म्हणून दाखवला. दोघांनी टेबलाकडे पाहिलं. जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली.

त्यानंतर बाईंनी कॉलेजात अर्ज केला नाही. त्या दोघांवरचा राग त्यांना कधी काढता आला नाही, कारण ते दोघे पुन्हा भेटले नाहीत. भेटली ती वसईची पोरं.

शाळा मराठी माध्यमाची होती. वाडीवाल्यांची मुलं, बंदरावरच्या कोळ्यांची मुलं, मिठागरावर राबणाऱ्यांची मुलं, गिरीज-गासकडच्या ख्रिस्ती घरांतली मुलं, सगळी एका बाकावर. प्रत्येकाच्या घरची बोली वेगळी, आणि बाईंच्या मते सगळ्या सारख्याच गावंढळ. त्यांच्या तासाला मराठीचा एक शब्द चालत नसे. शंका विचारायची तर इंग्रजीत. ज्याला इंग्रजीत विचारता येत होतं त्याला शंका नसायची, आणि ज्याला शंका असायची त्याला विचारता येत नसे. त्यामुळे बाईंचा तास शांत असायचा. शाळेला तपासनीस आले की मुख्याध्यापक त्यांना आधी तिथेच घेऊन जात.

बाईंनी लग्न केलं नव्हतं, होळीच्या घरात माडीवर राहायच्या. खाली भाऊ नरहरी, त्याचं कुटुंब आणि वाडीचा कारभार. नरहरीशी त्यांचं बोलणं वीज-पाण्यापुरतं. त्याला त्या मनातल्या मनात 'पानवाला' म्हणत. तो त्यांना तोंडावर 'ताई' म्हणे आणि बाजारात त्यांचं नाव अभिमानानं सांगे.

दहावीच्या परीक्षेत इंग्रजी व्याकरणाचा एक प्रश्न हमखास यायचा. एका क्रियापदापुढे दुसरं क्रियापद आलं की त्याला आधी 'टु' लावायचा की शेवटी 'आयएनजी'? पहिल्याला इन्फिनिटिव्ह म्हणतात, दुसऱ्याला जिरंड. पोहायला आवडतं असं 'एन्जॉय' वापरून सांगायचं असेल तर 'टु स्विम' चालत नाही, 'स्विमिंग'च हवं. पोहायची इच्छा आहे असं 'वाँट' वापरून सांगायचं असेल तर उलट. याला कारण विचारू नये. मुलं दर वर्षी इथे आपटायची, दोन गुण जायचे. बाईंनी १९७४ साली त्यावर उपाय काढला. एका पानावर दोन रकाने आखले. डावीकडे 'आयएनजी' घेणारी क्रियापदं, उजवीकडे 'टु' घेणारी. शाळेच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर ते पान पिवळ्या कागदावर काढलं आणि सगळ्या दहावीला वाटलं. डावा रकाना आठ दिवसांत पाठ, उजवा पुढच्या आठ दिवसांत. रोज सुरुवातीची पाच मिनिटं वर्ग तो मोठ्यानं म्हणायचा. एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश, माइंड, कीप, स्टॉप.

निकाल वर चढला. दुसऱ्या शाळांच्या मास्तरांनी पिवळा कागद मागून नेला. बाईंना त्याचा आनंद झाला नाही, किळस आली. इंग्रजीच्या शिक्षकांनाही यादी लागते, असं त्या कोरिया सरांना म्हणाल्या, मग पोरांना काय बोलायचं.

१९७८ च्या बॅचचा पीटर त्या यादीवरच मोठा झाला. गिरीजचा, बापाची केळीची वाडी, घरात याच्याआधी कुणी दहावी पाहिली नव्हती. इंग्रजीत त्याला एकाहत्तर गुण पडले. स्टेशनच्या पूर्वेला तेव्हा कारखाने उभे राहत होते. त्यातल्या तांब्याची तार ओढणाऱ्या एका कारखान्यात तो कारकून म्हणून लागला. इंग्रजीवरच लागला. केक घेऊन तो बाईंना भेटायला आला तेव्हा त्यांनी त्याच्या अर्जाची प्रत मागितली, वाचली आणि तिसऱ्या ओळीत 'द' राहिल्याचं सांगितलं. तरी पीटर खूश होता. कारखान्यातल्या टेबलाच्या काचेखाली त्यानं पिवळा कागद ठेवला होता. साहेबसुद्धा कधी कधी येऊन बघतात, असं म्हणाला. बाई म्हणाल्या, साहेबाची लायकी कळली.

ही गोष्ट घडली त्र्याऐंशी साली, पावसाळा संपता संपता. रविवारची दुपार होती. बाई माडीवर वह्या तपासत होत्या. खालून नरहरी आला आणि यशोदा भेटायला आलीय म्हणाला. कोण यशोदा, हे बाईंना विचारावं लागलं. आठ वर्षं ती त्यांच्याच वाडीत पानं खुडायला येत होती. बाईंना तिची पाठ माहीत होती, चेहरा नव्हता.

यशोदा जिना चढून आली आणि दारातच उभी राहिली. तिचा नवरा आत्माराम तार ओढण्याच्या कारखान्यात गेटवर वॉचमन होता. गेटातून माल चोरीला गेला म्हणून त्याला कामावरून काढलं होतं. हातातले दोन कागद तिनं बाईंपुढे धरले. युनियनवाल्यानं सांगितलं होतं की ठाण्याला कामगार अधिकाऱ्यापुढे तारीख पडलीय, त्याआधी कुणा शहाण्याकडून कागद नीट वाचून घ्या.

बाईंनी चष्मा चढवला. पहिला कागद चौकशी केलेल्या वकिलाचा अहवाल. त्यांनी तो वाचता वाचताच सात चुका मोजल्या. हे लिहिणाऱ्याला आधी कामावरून काढायला हवं होतं, असं त्या म्हणाल्या. यशोदाला वाटलं, बाई आपल्या बाजूनं बोलतायत, आणि तिनं मान हलवली. दुसरा कागद आत्मारामचा जबाब. तो पाचच ओळींचा होता, इंग्रजीत टंकलेला, खाली मराठीत अडखळत केलेली सही. बाईंनी तो दोनदा वाचला. त्यातल्या एका वाक्यात चूक नव्हती. 'ॲट टू थर्टी आय स्टॉप्ड चेकिंग द टेम्पो.' दोन्ही कागदांत मिळून हे एकच वाक्य शुद्ध होतं, आणि एवढ्यासाठी बाईंना ते बरं वाटलं.

"तुझ्या नवऱ्यानं स्वतःच कबूल केलंय," त्यांनी कागद परत केला. "अडीच वाजता त्यानं टेम्पो तपासायचं थांबवलं. कामच सोडलं. मग माल बाहेर जाणार नाही तर काय?"

यशोदानं कागद घेतला नाही.

"तपासायचं थांबवलं? नाय बाई. तपासायला थांबला तो."

बाईंनी कपाळाला आठी घातली. यशोदा मग सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं सांगायला लागली. आत्माराम पुढच्या गेटवर होता. अडीचला मागच्या गेटचा माणूस जेवायला जातो, म्हणून तो तिकडे निघाला. वाटेत वजनकाट्यापाशी एक टेम्पो उभा होता, ताडपत्रीखाली काहीतरी फुगलेलं दिसलं. तो तपासायला थांबला. आत रिकामे ड्रम निघाले. तेवढ्या दहा मिनिटांत मागच्या गेटातून दुसराच टेम्पो तारेची दोन भेंडोळी घेऊन गेला. कोन घेऊन गेला ते साहेबाला ठावं, पन लटकावला आत्मारामला.

"तपासायला थांबला," ती पुन्हा म्हणाली. "तपासायचा थांबला नाय. ह्यात न कलन्यासारखं काय हाय, बाई?"

न कळण्यासारखं काहीच नव्हतं. 'स्टॉप'च्या पुढे 'आयएनजी' आलं तर करत होतो ते बंद केलं. 'टु' आलं तर ते करण्यासाठी थांबलो. बिडी ओढायची सोडली आणि बिडी ओढायला थांबला, एवढा फरक. बाईंना तो एम. ए.च्याही आधीपासून ठाऊक होता. मराठीत तो एका अक्षरात बसतो, 'ला' आणि 'चा', आणि पानं खुडणाऱ्या बाईनं तो त्यांना दारात उभं राहून सांगितला होता. बाईंना संताप आला. कुणाचा, हे ठरवायला त्यांना थोडा वेळ लागला.

जबाब कुणी लिहिला, त्यांनी विचारलं.

"पीटरबाबूनी. चांगला हाय पोरगा. त्यानीच चौकशीत पन आत्मारामचं बोलनं इंग्रजीत करून सांगितलं."

बाईंनी कागद ठेवून घेतले आणि तिला जायला सांगितलं. बस म्हणाल्या नाहीत, पाणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निरोप मिळाल्यावर पीटर सायकलवरून आला. पँट कडक इस्त्रीची, खिशाला दोन पेनं. बाईंनी त्याच्यापुढे जबाब ठेवला आणि हे वाक्य मराठीत काय होतं ते सांग म्हणाल्या. बाईंनी आपल्याला मराठीत बोलायला सांगावं याचंच पीटरला नवल वाटलं.

"अडीच वाजता मी टेम्पो तपासायला थांबलो," तो म्हणाला. "आत्माराम हेच म्हणाला होता. मी तेच लिहिलं."

"तू लिहिलंस त्याचा अर्थ तपासायचं बंद केलं असा होतो. इथे 'टु चेक' हवं होतं."

पीटर हसला. बाई आपली परीक्षा घेतायत असं त्याला वाटलं. 'स्टॉप'च्या पुढे आयएनजी, बाई. डावा रकाना, सहावा शब्द. साहेबांनी 'टु' घातला होता, मीच बदलून घेतला.

बाईंनी जबाब पुन्हा त्याच्यापुढे सरकवला. पीटरचं हसू हळूहळू ओसरलं. 'स्टॉप'च्या पुढे दोन्ही येतात, अर्थ बदलतो, हे बाईंनी त्याला दोन वाक्यांत सांगितलं. सांगायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

"मग हे शाळेत का नाही सांगितलंत?"

"तुम्ही कुणी विचारलं नाहीत."

"थेरेसानं विचारलं होतं," पीटर म्हणाला. "मराठीत विचारलं म्हणून तुम्ही तिला बाकावर उभं केलंत. सगळा तास."

थेरेसा नावाची मुलगी बाईंना आठवत नव्हती. पण त्या यादीतून दुसरा अर्थ त्यांनी का गाळला, हे मात्र पक्कं आठवत होतं. कोरिया सरांनी तेव्हाच विचारलं होतं आणि बाई म्हणाल्या होत्या, या डोक्यांत दोन अर्थ घातले तर दोन्ही सांडतील, एकच घालावा आणि ठोकून बसवावा.

त्यांनी पीटरला सांगितलं, उद्याच्या उद्या साहेबाला लिहून दे की भाषांतरात माझी चूक झाली. पीटर खाली बघत उभा राहिला. मग म्हणाला की त्याला इंग्रजी येतं म्हणूनच ठेवलंय. येत नाही असं स्वतःच लिहून दिलं तर उद्या आत्मारामच्या शेजारी तोही बसेल. त्याच्या बहिणीचं, रिटाचं, जानेवारीत लग्न आहे. बाईंनी त्याला भेकड म्हटलं, आणि भेकडाला 'द' कुठे लावायचा हे कळून उपयोग काय, असंही म्हटलं. तो सायकल घेऊन गेला. जाताना नेहमीसारखा वाकला नाही.

दोन दिवस बाई धुमसत होत्या. वर्गात एका मुलाची वही त्यांनी खिडकीतून बाहेर टाकली. तिसऱ्या दिवशी त्यांनी युनियनवाल्याला चिठ्ठी पाठवली की तारखेला त्या स्वतः येतील. नरहरीला कळलं तेव्हा तो जेवता जेवता थांबला. ताई आत्मारामसाठी ठाण्याला जाणार, हे त्याला खरं वाटेना. आत्मारामसाठी जात नाही, बाई म्हणाल्या, चुकीच्या इंग्रजीवर कुणी जिंकलेलं मला बघवत नाही. हे त्यांना स्वतःलाही अर्धंच खरं वाटत होतं.

ठाण्याला जायच्या एसटीत आत्माराम आणि यशोदा मागच्या बाकावर बसले, बाई पुढे, चालकाच्या मागे. आत्माराम उंच, हाडकुळा माणूस. त्यानं वॉचमनचा खाकी शर्टच घातला होता, फक्त खांद्यावरची पट्टी उसवून काढली होती. वाटेत बाई त्याच्याशी एकदाच बोलल्या. तू नेमकं काय म्हणाला होतास ते तिथे तसंच म्हण, शुद्ध बोलायला जाऊ नकोस.

अधिकारी चाळिशीचा, शांत माणूस होता. समोर कंपनीचा पर्सोनेल मॅनेजर बसला होता, टाय लावलेला, बोलताना पेनानं टेबलावर ठोकणारा. युनियनवाल्यानं बाईंची ओळख करून दिली. मॅनेजर म्हणाला की इथे साक्षीपुराव्याचं काम नाही. अधिकारी म्हणाला, बाई एवढ्या लांबून आल्याच आहेत तर ऐकून घेऊ.

बाईंनी दोन वाक्यांतला फरक इंग्रजीत समजावला. वीस वर्षं ज्या आवाजात वर्गाला गप्प केलं त्याच आवाजात. मॅनेजरनं मध्येच हात वर केला.

"मॅडम, आय वुड सजेस्ट यू टु लुक ॲट धिस पेपर."

"'सजेस्ट'नंतर असा 'टु' येत नाही," बाई म्हणाल्या. "पुन्हा बोला."

अधिकाऱ्यानं तोंडावर रुमाल धरला. मॅनेजरचा चेहरा लाल झाला. बाईंना बऱ्याच वर्षांनी मनापासून बरं वाटलं. पण तो कागद त्यानं टेबलावर सरकवला तेव्हा ते बरं वाटणं तिथेच संपलं. पिवळा कागद होता, काचेखाली राहून कडा पांढऱ्या पडलेला. पीटरनं तो स्वतः नेऊन दिला होता.

मॅनेजर आता मराठीत बोलायला लागला, सगळ्यांना कळावं म्हणून. कागद तुमचाच ना? होय. खाली नाव तुमचंच? होय. 'स्टॉप' कुठल्या रकान्यात आहे? डाव्या. उजव्या रकान्यात कुठे आहे का? नाही. मग आमच्या कारकुनानं तुम्ही शिकवलं तसंच लिहिलं, आणि ते बरोबर आहे. की तुम्ही शिकवलेलं चूक आहे? त्यानं पेन खाली ठेवलं आणि खुर्चीत मागे रेलला.

बाई त्या कागदाकडे पाहत राहिल्या. यादी अपुरी होती एवढं म्हणून सुटता आलं असतं. मुलानं चुकीची वापरली असंही म्हणता आलं असतं. अधिकाऱ्यानं ते लिहून घेतलं असतं. त्यांच्या मनात दोन्ही उत्तरं तयार होती, आणि दोन्ही त्यांना त्या मॅनेजरच्या टायइतकीच हलकी वाटली.

"चूक आहे," त्या म्हणाल्या. "मला माहीत असून चूक दिली."

अधिकाऱ्यानं मान वर केली. का, असं त्यानं विचारलं.

"या मुलांना दोन अर्थ कळायचे नाहीत असं मी धरून चालले. तेवढी अक्कल त्यांना नाही असं मला वाटायचं."

युनियनवाला बुटांकडे बघत होता. मॅनेजरला आपण जिंकलो की हरलो ते कळेना. अधिकाऱ्यानं बाईंना सांगितलं की मला टिपण मराठीत लिहायचंय, तेव्हा फरक मराठीत सांगा. बाईंनी सांगितला. 'तपासायला थांबलो' म्हणजे 'टु', 'तपासायचा थांबलो' म्हणजे 'आयएनजी'. त्यांना वाटलं होतं तेवढं ते अवघड नव्हतं, आणि त्याचीच त्यांना लाज वाटली. मग अधिकाऱ्यानं आत्मारामला विचारलं, तू काय केलंस. आत्माराम उठून उभा राहिला.

"साहेब, मी टेम्पो तपासायला थांबलो," तो म्हणाला. "चौकशीत पन हेच सांगितलं. चार येला सांगितलं."

परतीच्या एसटीत जागा नव्हती. यशोदानं एका बाईला सरकायला लावून चौधरीबाईंना बसवलं आणि स्वतः दांड्याला धरून उभी राहिली. आभार वगैरे तिनं मानले नाहीत. घोडबंदरपाशी गाडी थांबली तेव्हा तिनं एवढंच विचारलं की तो पिवळा कागद किती पोरांना दिलाय. बाईंनी हिशोब केला. नऊ बॅचेस. त्यांनी आकडा सांगितला नाही, बऱ्याच, एवढंच म्हणाल्या. यशोदानं तोंड फिरवलं आणि बाहेर बघत राहिली. तिच्या नजरेत जे होतं ते बाईंना चांगलं ओळखीचं होतं, कारण त्या आयुष्यभर इतरांकडे तसंच बघत आल्या होत्या.

प्रकरण सात महिने रेंगाळलं. शेवटी कंपनीनं तडजोड केली. आत्मारामला परत घेतलं, पण गेटवर नाही, माल चढवण्या-उतरवण्याच्या कामावर. बुडालेल्या महिन्यांचं काही मिळालं नाही. चोरी कुणी केली ते कधीच बाहेर आलं नाही. बाई एकदा मुद्दाम वाडीत उतरल्या आणि यशोदाला विचारलं, कसं चाललंय. पाठ धरते त्याची, ती म्हणाली, आणि पानांची टोपली उचलून पुढच्या ओळीत गेली.

पीटरवर कंपनीनं राग धरला नाही, उलट जपलं. तीन वर्षांनी तो मस्कतला गेला. सुट्टीवर आला की नव्या मोटारसायकलवरून होळीच्या रस्त्यानं जायचा. बाई दिसल्या तर वेग वाढवायचा. बाईंनाही तो थांबायला नकोच होता. कागद त्या मॅनेजरच्या हाती देणाऱ्या हाताला त्यांनी क्षमा केली नाही, आणि असा हात आपणच तयार केला, हेही त्या विसरल्या नाहीत.

थेरेसा मात्र त्यांना भेटली. मासळी बाजारात, कडेवर मूल घेऊन. कोरिया सरांना विचारून विचारून बाईंनी तिचा चेहरा आठवून ठेवला होता, निर्मळला दिली असल्याचंही कळलं होतं. काय बोलायचं तेही ठरवलं होतं. थेरेसानं त्यांना पाहिलं, "बाई" म्हणाली आणि चटकन बाजूला होऊन वाट दिली, मान खाली घालून. बाई त्या वाटेनं निघून गेल्या. दोन ओळी पलीकडे जाऊन त्या उगाच सुरमईचा भाव विचारत राहिल्या.

शाळेत मुख्याध्यापकांना ठाण्याची हकीकत कळली होती. ते फार अस्वस्थ झाले. बाई, हे वर्तमानपत्रात आलं असतं तर, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. बाईंनी उरलेले पिवळे कागद शाळेच्या मागे स्वतः जाळले आणि जूनमध्ये दहावीच्या वर्गात पहिल्यांदा मराठीत तोंड उघडलं. 'ला' आणि 'चा' फळ्यावर लिहिले. मुलं आधी घाबरली, मग हसायला लागली, मग भराभर विचारायला लागली. बंदरावरच्या एका पोरानं 'फर्गेट' आणि 'रिमेंबर'चं काय होतं ते विचारलं. तेही असंच अर्थ बदलतं, आणि हे यादीत कुठेच नव्हतं. बाईंना त्या पोराचं कौतुक वाटायला हवं होतं. पण त्याच्या उच्चारानं त्यांच्या अंगावर काटा आला. इतक्या वर्षांची सवय एका उन्हाळ्यात जात नाही. उत्तर मात्र त्यांनी दिलं, पूर्ण दिलं.

त्या वर्षी इंग्रजीचा निकाल घसरला. यादी असताना मुलं डोळे झाकून 'आयएनजी' लावत, आता विचार करत बसली आणि वेळ गेला. मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले की यादी परत सुरू करावी, चारचौघांत चूक कबूल करून झालीच आहे, आता परीक्षेपुरती चालेल.

"तुम्हाला निकाल हवाय, मला तो नको," बाई म्हणाल्या. "दहावी दुसऱ्या कुणाला द्या."

मुख्याध्यापकांनी ती दिली. पुढच्या वर्षीपासून बाईंकडे आठवी आली. शिक्षकांच्या खोलीत त्यावर कुजबुज झाली, कुणाला वाटलं बाईंना शिक्षा झाली, कुणाला वाटलं बाई नमल्या. जी माणसं कुजबुजत होती त्यांच्यापैकी तिघांच्या कपाटात पिवळा कागद घडी करून ठेवलेला होता, हे बाईंना माहीत होतं. आठवीच्या वर्गात त्या निवृत्तीपर्यंत शिकवत राहिल्या. मुलांना मूर्ख म्हणायचं त्यांनी सोडलं नाही. फरक इतकाच पडला की मूर्ख म्हणून झालं की त्या खुर्ची ओढून त्या मुलाच्या बाकाशेजारी बसत आणि त्याला समजेपर्यंत उठत नसत. कधी कधी शाळा सुटल्याची घंटा होऊन जायची, शिपाई दारात किल्ल्या वाजवत उभा राहायचा, आणि बाई त्यालाही दोन शब्द सुनावून फळ्याकडे वळायच्या.